वसंताचं गॅरेज आणि भिवापूरचं फाटक

घर बांधणाऱ्याकडे शेवटी घर उरतं, गॅरेज बांधणाऱ्याकडे किस्से उरतात. आमच्या वसंता रामटेकेनं नागपुरात घराच्या बाजूच्या भिंतीला लागून गॅरेज बांधलं. तेव्हापासून आमच्या मंडळींत कोणी नुसतं "पाना" म्हटलं, की तासभर दुसरा विषय निघत नाही. मी शेजारीच राहायचो, त्यामुळे यातलं सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. कोणी वेगळं सांगत असेल, तर तो त्या दिवशी तिथं नव्हता. वाद घालू नका.

* * *

आधी मोटर कशी आली ते ऐका.

वसंता सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन. कुसुमवहिनी भिवापूरच्या एका मिरचीच्या व्यापाऱ्याची एकुलती एक मुलगी. जात आडवी आली, म्हणून दोघांनी कोर्टात लग्न केलं. वहिनींच्या बाबांनी त्याच दिवशी फाटक लावून घेतलं. पुढे मीना झाली, रांगली, चालायला लागली, तरी फाटक बंदच. वहिनी कधी तक्रार करायच्या नाहीत. पण उमरेड-भिवापूरची एस.टी. दिसली, की बोलता बोलता गप्प व्हायच्या. आम्हाला ते बघवायचं नाही.

एक दिवस गल्लीत ट्रक आला. ट्रकवर एक जुनी काळी मोटर दोरांनी बांधलेली, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी बाबांचे मुनीमजी. ते खाली उतरले, टोपी सरळ केली आणि पाठ केल्यासारखा निरोप सांगितला.

"शेठजी म्हणतात, हे मोटर चालवत भिवापूरले आणा, फाटक उघडतो. एस.टी.नं आले, तर परतीची एस.टी. धरा."

वसंतानं मोटरीभोवती एक चक्कर मारली. "मुनीमजी, हिले तीनच चाकं दिसून राहिले."

"चौथं सापडलं की पाठवतो म्हणले."

मोटर वर्षानुवर्षं मिरचीच्या गोदामात उभी होती. खाली उतरवून दार उघडल्याबरोबर असा भपकारा आला, की ट्रकवाला दोन पावलं मागे सरला. वहिनी मात्र आत जाऊन बसल्या, दार लावून घेतलं. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल.

"मिरची आहे," त्या म्हणाल्या.

आम्ही म्हटलं, हो, मिरचीच आहे. दुसरं काय म्हणणार!

* * *

मोटर दुरुस्त करायची तर उन्हापावसात कशी करणार? म्हणून गॅरेज. वसंतानं नकाशा काढायला घेतला.

आता वसंता ड्राफ्ट्समन होता हे खरं, पण पुलांच्या विभागात. नोकरी लागल्यापासून त्यानं पुलाशिवाय दुसरं काही काढलेलं नव्हतं. नकाशा झाला. देखणा! बघितला की फ्रेम करावासा वाटे. पाया पुरुषभर खोल, भिंतींना बाहेरून टेकू आणि तळाशी रांगेनं भोकं.

"हे भोकं काहून गा?" मी विचारलं.

"पुराचं पाणी जायले."

"गॅरेजमधून?"

"पद्धत आहे," वसंता म्हणाला.

गवंड्यानं नकाशा उलटसुलट करून पाहिला. शेवटी पाया खणताना त्याला राहवलं नाही. "साहेब, याच्याखालून कन्हान नदी नेनार हाय का?"

वसंतानं नकाशा त्याच्या हातातून ओढून घेतला. त्याला राग आला होता. पण एक सांगतो, ते गॅरेज आजही उभं आहे. गल्लीत नंतर बांधलेली दोन घरं पडली.

* * *

मोटरीच्या खाली उतरून काम करायला गॅरेजमध्ये मधोमध खड्डा लागतो. तो खणायला मे महिन्यातले नवतपाचे दिवस निवडले, कारण वसंताला तेव्हाच रजा मिळाली. नागपूरचा नवतपा म्हणजे कुत्रंसुद्धा नालीतून उठत नाही. अशा उन्हात मजुरांनी खड्डा खणला, आणि त्याला पाणी लागलं.

आणि पाणी कसं, तर गोड! त्या महिन्यात आमच्या गल्लीतले नळ नुसते फुसफुसत होते. संध्याकाळपर्यंत गॅरेजमध्ये बायकांची रांग लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या लोखंडेकाकू हळदकुंकू, नारळ आणि चार सवाष्णी घेऊन हजर. नव्या विहिरीची पूजा झाल्याशिवाय पाणी कसं भरायचं?

वसंता म्हणाला, "काकू, आमच्या घरी हे चालत नाही."

"तुमच्या घरी कुठं करून राहिलो भाऊ? गॅरेजमंदी करून राहिलो."

नारळ फुटला. वसंतानं फक्त एवढंच म्हटलं, की कुंकू जॅकला लावू नका. तोवर लागलं होतं.

* * *

म्हणजे आता गॅरेज होतं आणि गॅरेजात विहीर होती. मोटर बाहेर अंगणात कडुनिंबाखाली. मी म्हटलं, बुजवून टाक. वसंता म्हणाला, "पानी पिऊन राहिले लोकं. कसं बुजवू?" मोठा चांगला माणूस. अशा चांगुलपणाचा कधी कधी संताप येतो.

तो आठवडाभर कागदात डोकं घालून बसला. मग एक दिवस हसत हसत नवा नकाशा घेऊन आला. पूल!

विहिरीच्या दोन्ही अंगांना दोन जाड भिंती, त्यांच्यावर चाकांपुरत्या दोन पट्ट्या, आणि दारापासून वर चढायला उतार. अख्ख्या गल्लीनं ढकलून मोटर त्यावर चढवली. वर मोटर, खाली विहीर, मधे वसंता. तो मोटरीखाली फळीवर उताणा पडून नटबोल्ट पिळायचा, आणि बाजूनं बायका पाणी शेंदायच्या.

"भाऊजी, पाय घ्या जरा."

तो पाय घ्यायचा.

हातातून निसटलेला पाना सरळ विहिरीत जायचा. पण तोही वाया जात नसे. लोखंडेकाकू बादली वर ओढून ओरडायच्या, "वसंता, तुहा पाना निंघाला रे!" एकदा तर त्यांच्या माठात कार्ब्युरेटरचा स्क्रू सापडला. त्यांनी तो देव्हाऱ्यात ठेवून दिला होता, हरवू नये म्हणून.

* * *

आमच्यातले तिसरे तिवारी मास्तर. शाळेत भूगोल शिकवायचे. घराणं मूळ जबलपूरकडचं, त्यामुळे त्यांच्या मराठीत मधेमधे हिंदी घुसायची. गॅरेजला दार हवं, असं त्यांच्या कानावर आलं. कामठीत एक जुनी टॉकीज पाडत होते. मास्तर बैलगाडीत घालून तिचं दार घेऊन आले. सागवानी, दणकट, मापात बरोब्बर. फक्त त्यावर मोठ्या अक्षरात 'बाल्कनी' लिहिलेलं.

"रंग मारून टाकू," मी म्हटलं.

"काहे को?" मास्तर म्हणाले. "इज्जतवाला दरवाजा आहे."

रंग राहूनच गेला. वसंता गॅरेजात असला, की वहिनी येणाऱ्याला सांगायच्या, "बाल्कनीत आहेत." एका रविवारी गल्लीत नवीन आलेलं एक जोडपं पोराला कडेवर घेऊन आलं आणि कोणता पिक्चर लागलाय म्हणून विचारू लागलं. वसंता मोटरीखालून म्हणाला, "अजून सुरू नाही झाला."

* * *

सुरू झाला तो दिवस कोणी विसरणार नाही.

दुरुस्ती पुरी झाली होती. चौथं चाकही भिवापूरहून आलं होतं, चिठ्ठी नाही, निरोप नाही, नुसतं चाक. वसंतानं पुढून हँडल घालून फिरवलं. मोटर खोकली, थांबली, पुन्हा खोकली आणि धडधडायला लागली. आम्ही टाळ्या वाजवल्या. लोखंडेकाकू बादली टाकून नाचायच्या बेतात होत्या.

एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. गोदामात इतकी वर्षं उंदरांनी सायलेन्सरमध्ये मिरच्या साठवल्या होत्या. सायलेन्सर तापला.

भिवापूरची मिरची आहे, तिची ख्याती उगाच नाही. कढईत चार पडल्या तर घर खोकतं. इथं किती होत्या देव जाणे! अख्ख्या गल्लीला एकदम फोडणी बसली. लोक घरातून रस्त्यावर आले, रस्त्यावरचे मैदानात पळाले. रस्त्यानं एक वरात चालली होती, बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली. घोडा नवरदेवाला घेऊन बराच पुढे निघून गेला. त्याला नंतर शोधून आणलं.

मैदानात सगळे उभे, सगळ्यांच्या नाकाडोळ्यांतून धारा. वसंता मात्र ठसकत ठसकत हसत होता. "चालू झाली वं कुसुम! चालू झाली!"

* * *

त्याच संध्याकाळी आम्ही तिघं पुलावरच्या मोटरीसमोर चहा घेत बसलो होतो. रविवारी भिवापूरला जायचं ठरलं. रस्ता मास्तरांना पाठ होता, कुठं चढ, कुठं नाला, सगळं. मीनाचा नवा फ्रॉक शिवून झाला होता. मास्तरांनी बशीतला चहा संपवला आणि विचारलं,

"पर चालवेल कोण?"

"कोण म्हणजे?" वसंता म्हणाला.

"म्हणजे कोण?"

मी वसंताकडे पाहिलं. वसंतानं माझ्याकडे पाहिलं. मी सायकलवाला. मास्तर पायी. वसंतानं ती मोटर स्क्रू न् स्क्रू खोलून जोडली होती, पण चालवायला तो कधी कुठल्याच मोटरीत बसला नव्हता. एवढं गॅरेज बांधलं, विहीर बांधली, पूल बांधला, पण ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती! आम्ही तिघंही शिकलेली माणसं. मला आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

वहिनी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मले येते."

"काय येते?"

"मोटर चालवता येते. हेच मोटर. बाबांनी शिकवली."

वसंता उठून उभा राहिला. "मग सांगितलं काहून नाही वं?"

"तुम्ही कधी विचारलं? तुम्ही गॅरेज बांधून राहिले होते."

त्या आत गेल्या आणि पेटीतून लायसन घेऊन आल्या. नेसत्या साडीनिशी घर सोडलं होतं, असं आम्ही ऐकून होतो. लायसन सोबत होतं, हे कोणाला माहीत! वसंतानं ते दिव्याखाली धरून दोनदा वाचलं.

* * *

रविवारी निघालो. वहिनी स्टिअरिंगवर, शेजारी वसंता मांडीवर मीनाला घेऊन, मागे मी आणि मास्तर. उमरेडपर्यंत सायकलवाले वळून वळून बघत होते. एक तर बघता बघता नाल्यात गेला. वहिनींनी मोटर छान चालवली. पण भिवापूर जवळ आलं, तसा त्यांनी वेग कमी केला.

बाबांच्या घरापुढे मोटर थांबली. मोटरीसाठीचं ते मोठं लोखंडी फाटक बंद होतं. इंजिन सुरूच होतं.

"बहनजी, हॉर्न मारा," मास्तर म्हणाले.

"नाही. आवाज ओळखतात ते."

बराच वेळ कोणी आलं नाही. मग बाबा बाहेर आले, धोतर, बंडी, हातात किल्ली. आमच्याकडे पाहिलंच नाही. बाजूच्या लहान दारातून रस्त्यावर आले, मोटरीभोवती चक्कर मारली, टायरला पायानं दाबून पाहिलं. बॉनेटवर हात ठेवला. मग जाऊन फाटकाचं कुलूप काढलं आणि जोर लावला. फाटक हललं नाही. इतकी वर्षं बंद होतं, बिजागऱ्या गंजल्या होत्या, खाली मातीत रुतलं होतं. त्यांनी पुन्हा जोर लावला, दम लागला, आणि ते वळले.

"जावईबापू, बसून काय राहिले? धरा ना तिकडून!"

वसंतानं मीनाला माझ्याकडे दिलं आणि दार लोटून धावला. दोघांनी मिळून फाटक उचललं, ओढलं, माती खरवडत मागे नेलं. सगळं उघडलं.

मोटर मात्र जागची हलेना. वहिनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून हमसून हमसून रडत होत्या. समोरचं काही दिसत नव्हतं त्यांना. मास्तर खिशात रुमाल शोधत होते, स्वतःसाठी.

बाबा धापा टाकत खिडकीशी आले. लेकीकडे बघत राहिले.

"आधी क्लचवरून पाय काढ," ते म्हणाले. "किती खेपा सांगतलं तुले!"