कोनती माय?

आमच्याकडे ळ हे अक्षर कागदावर असतं, तोंडात नसतं. तोंडात त्याचा य होतो. डोळ्याचा डोया, गुळाचा गूय, शाळेची शाया. पिपरी मेघेच्या पुढे, वर्ध्याची नवी घरं संपून वांग्या-मेथीच्या वाड्या सुरू होतात तिथल्या दोनशिक्षकी शाळेत मी शिकवते. पहिली पाच-सहा वर्षं मी या य च्या हात धुऊन मागे लागले होते. पोरगं ‘शाया’ म्हणालं की त्याला दहा वेळा ‘शाळा’ म्हणायला लावायचे. पोरंही हुशार. माझ्यासमोर ळ म्हणायची आणि फाटकाबाहेर पाऊल पडलं की य. मला वाटायचं, मी शिकवतेय. खरं तर मी त्यांना माझ्यासमोर गप्प बसायला शिकवत होते. हे मला तिसरीतल्या एका मुलीनं दाखवून दिलं.

त्या वर्षी वाचनाची तपासणी करायला बाहेरून एक साहेब आले. एकेका पोराला खुर्चीसमोर उभं करून उतारा वाचायला द्यायचे. ही मुलगी वर्गात सगळ्यांत भराभर वाचणारी. उताऱ्यात होतं, ‘आजीने फुलांची माळ केली.’ वाचण्याच्या भरात हिच्या तोंडून घरचंच आलं, ‘आजीनं फुलाची माय केली.’ साहेब हसले. साहेब हसले म्हणून पोरंही हसली. पुढच्या चार ओळींत तिनं आणखी तीन ळ चे य केले, आणि साहेबांनी तिच्या नावापुढे लिहिलं: अक्षरओळख नाही. तिचं नाव मागे पडलेल्यांच्या यादीत गेलं. म्हणजे यादी पक्की झाली की हिनं पहिलीच्या पोरांबरोबर कोपऱ्यात बसून अ आ इ गिरवायचं. मी तिथेच उभी होते आणि एक शब्द बोलले नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी वाचेना. पुस्तक उघडून बसायची, डोळे ओळींवरून फिरायचे, ओठ मात्र बंद. आठवडा झाला तशी मी तिच्या घरी गेले. वाडीच्या कडेला दोन खोल्या. आई अंगणात सांभाराच्या जुड्या बांधत होती. सांभार म्हणजे कोथिंबीर. आमच्या पाठ्यपुस्तकाला हेही ठाऊक नाही. मुलगी शेजारी बसून सुतळीचे तुकडे देत होती, आणि मायलेकी दोघी गप्प होत्या. मुलगी पाणी आणायला आत गेली तेव्हा आई हळूच म्हणाली, “मॅडम, चूक माही हाय. तिची जीभ मीच खराब केली. आता मी घरात तिच्यासंग कमीच बोलून राह्यली. तुमच्यासारखं तं मले बोलता येत नाई, मंग काऊन बोलाचं?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांवर, त्या यादीवर आणि सगळ्यांत आधी स्वतःवर. एक बाई पोटच्या लेकीशी बोलायचं कमी करते, का, तर तिच्या तोंडात एक अक्षर नाही म्हणून! याच बोलीत आमच्या आज्यांनी लेकरं निजवली, सोयरिकी जुळवल्या, बांधावरची भांडणं जिंकली. कोणाचं काही अडलं नव्हतं.

“सोमवारी साहेब यादी पक्की करायला येणार आहेत,” मी म्हटलं. “तुम्ही शाळेत या. त्या दिवशी शुद्धलेखन तुम्ही घालायचं.”

“मी? मले कुठं येते शुद्धलेखन?”

“तुम्हाला लिहायचं नाही, नुसतं बोलायचं. घरी बोलता तसंच.”

सोमवारी ती आली. ठेवणीतली साडी, हातांना सांभाराचा वास. साहेबांनी विचारलं, या कोण? मी म्हटलं, आज शुद्धलेखन या घालणार.

“असं नियमात बसतं का?”

“नियमात पालकांचा सहभाग लिहिलाय, साहेब. हा घ्या सहभाग.”

एरवी आमच्याकडे सहभाग म्हणजे पालकसभेच्या वहीतल्या सह्या.

आई भिंतीला टेकून उभी राहिली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, “गूय.” पोरं चपापून माझ्याकडे बघायला लागली. “लिहा,” मी म्हटलं. मग “गाय” आलं, “डोया” आलं, “पाय”, “जवय”. हळूहळू तिचा आवाज मोकळा झाला. ती म्हणाली, “माय.”

तिच्या लेकीची पेन्सिल थांबली. इतक्या दिवसांनी वर्गात तिचा आवाज ऐकू आला.

“कोनती माय? गयातली का घरातली?”

आईला हसू आवरेना. “दोनी लिव,” ती म्हणाली.

मी वही उचलून साहेबांसमोर ठेवली. गूळ, गाय, डोळा, पाय, जवळ, माळ, माय. एकही चूक नाही. कानावर सगळे य च पडले होते. त्यांतला कुठला ळ आणि कुठला खरोखरचा य, हे तिचं तिनं ओळखलं होतं. अक्षरओळख नसलेल्या पोरीनं!

साहेबांनी वही दोनदा पाहिली. “लिहिलंय बरोबर. पण मॅडम, उच्चारांचं काय?”

“ही यादी वाचनात मागे पडलेल्यांची आहे. उच्चारांची वेगळी काढा आणि तिच्यात अख्खा जिल्हा घाला. या यादीवर मी सही करणार नाही.”

“वर काय सांगू मी?”

“मॅडम भांडखोर आहे म्हणून सांगा. खोटं नाही ते.”

त्यांनी बराच वेळ पेनाचं टोपण काढलं, घातलं, पुन्हा काढलं. मग तिचं नाव खोडलं. तेव्हापासून माझ्या वर्गात शुद्धलेखन घालायला आळीपाळीनं आया येतात, आणि अजून तरी मला कोणी अडवलेलं नाही.

त्या दिवशी आई जायला निघाली ती दारातून मागे वळली. साहेब खुर्चीतच होते. त्यांच्या डोक्यावरून, वाडीच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारतात तशा आवाजात ती म्हणाली, “शाया सुटली का सीधी वाडीत येजो वं! अन् डब्बा इसरू नोको!”

पुस्तकातून मान वर न करता लेक तितक्याच मोठ्यानं ओरडली,

“येतो वं माय!”