प्रत्येक सामन्यात एक जण

गणिताच्या बाईंना मुलं भिंगरी म्हणत आणि ते बाईंना माहीत होतं. पायाला भिंगरी लागलेल्या बाईला दुसरं काय म्हणणार? त्यांना खुर्चीत बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. वर्गातल्या खुर्चीवर त्यांची पर्स बसे आणि बाई दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून शेवटच्या बाकापर्यंत फेऱ्या घालत. चहासुद्धा उभ्याउभ्याच आणि तोही अर्धा, कारण उरलेला अर्धा प्यायला वेळ कोणाला आहे!

डोकंही पायांसारखंच. समोरच्याने "आज जरा..." म्हणावं, की बाईंनी "उकडतंय" म्हणून मोकळं व्हावं. बहुतेक वेळा त्यांचं बरोबर निघे, हीच तर पंचाईत. चार वेळा तोंडघशी पडल्या असत्या तर सवय तरी सुटली असती. लग्न ठरताना भावी नवऱ्याने "तुम्हाला आवड..." एवढंच म्हटलं होतं, तर यांनी "स्वयंपाकाची नाही, गणिताची आहे" असं सांगूनही टाकलं. बिचाऱ्याला फिरण्याची आवड आहे का ते विचारायचं होतं. तो दातांच्या कवळ्या बनवतो. एका कवळीवर अख्खी दुपार वाकून बसतो, मेणाचा एक कण इकडचा तिकडे करायला त्याला पाव तास लागतो. अशा माणसाशी हिचं कसं जमलं, हे कोडं दोन्हीकडच्या नातेवाइकांना अजून सुटलेलं नाही.

उन्हाळ्यात शाळा बंद झाली की बाई घरावर घसरत. कपाट इकडचं तिकडे, पलंग आडवा, मग पुन्हा उभा. मागच्या एका सुट्टीत कवळीवाल्याचं कामाचं टेबल तीनदा हललं आणि कोणाच्या तरी खालच्या दाढा वरच्या जबड्यात जाता जाता राहिल्या. तेव्हा तोच म्हणाला, "तू मुख्याध्यापकांकडून शाळेची किल्ली माग. मुलांना शिकव. माझ्यावर उपकार होतील."

असा तो उन्हाळी वर्ग सुरू झाला. आठवी ते दहावीची मुलं, अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही, मार्क नाहीत. मुख्याध्यापक हसले होते. "मार्क नाहीत तर येणार कोण?"

"ज्यांना राहवत नाही ते," बाई म्हणाल्या आणि किल्ली घेऊन निघूनही गेल्या.

आणि आली की मुलं, तेव्हाही आणि यंदाही! रंगकाम चाललेल्या शाळेत, टर्पेंटाइनच्या वासात, घरघरणाऱ्या दोन पंख्यांखाली. वर्गाची रीत बाईंनीच पाडली होती. फळ्यावर एक कोडं लिहायचं. ज्याला काही सुचेल त्याने पेन्सिलीने बाकावर टकटक करायची. बाई धावत जाणार, त्याचं उत्तर कानात ऐकणार. जमलं असेल तर त्याने पुढे येऊन सगळ्यांना सांगायचं, नसेल तर बाई "अजून!" म्हणून पुढच्या टकटकीकडे. सकाळभर सुतारपक्ष्यांच्या झाडाखाली बसल्यासारखं वाटे. सगळ्यात आधी टकटक करणाऱ्या मुलाचं नाव पडलं होतं सुसाट. आणि एका मुलीने कधीच टकटक केली नव्हती. तिचं नाव, अर्थातच, निवांत.

निवांतला बाईंनी स्वतः शोधून आणलं होतं. वर्ष संपत आलं असताना शाळेच्या पडवीत नव्या फरशा बसत होत्या आणि ही नववीतली मुलगी मधली सुट्टी संपली तरी खांबाला टेकून बघत उभी होती. बाईंनी हटकलं, तर खूप वेळाने म्हणाली, "त्या कोपऱ्यात फरशी कापावी लागेल. इकडून सुरुवात केली असती तर नसती लागली." गवंड्याने वर पाहिलं, फरशी कोपऱ्यात धरून बघितली आणि एक शिवी गिळली. बाईंनी त्याच पावली तिला उन्हाळी वर्गात घातलं. मागाहून कळलं की वर्गशिक्षकांनी तिला "जरा मंद" ठरवून ठेवलंय आणि तिनेही पुढच्या वर्षी गणित सोडायचं ठरवलंय. दहावीला गणित सोडता येत असे आणि एकदा सोडलं की परतीची वाट नव्हती. विषयांची निवड जूनमध्ये व्हायची होती. बाईंनी मनाशी खूणगाठ बांधली की तोवर या पोरीचं मन वळवायचंच.

तर त्या दिवशी फळ्यावर कोडं होतं सामन्यांचं. शंभर खेळाडू आहेत, एका वेळी दोघं खेळणार, हरेल तो बाहेर. शेवटी एकच विजेता उरायला एकूण सामने किती होतील? मुलं पन्नास, पंचवीस, मग एक जण उरला त्याचं काय करायचं, असा हिशोब मांडत होती. सुसाटची बेरीज दोनदा चुकली होती.

आणि मागच्या बाकावरून टकटक झाली. अगदी हलकी, पण सगळ्यांच्या माना वळल्या. बाई तीन उड्यांत तिथे पोचल्या. निवांतचे कान लाल झाले होते.

"प्रत्येक सामन्यात एक जण..." ती म्हणाली आणि थांबली.

"हरतो!" बाई जवळजवळ ओरडल्याच. "बरोब्बर! एका सामन्यात एक जण हरतो आणि बाहेर पडतो. शंभरातला एकच उरायचा म्हणजे नव्व्याण्णव जण हरायला हवेत, म्हणजे सामने नव्व्याण्णव! बेरीज नको, भागाकार नको! अरे, टाळ्या वाजवा हिच्यासाठी!"

टाळ्या वाजल्या. सुसाटने तर बाकावर थाप मारली. निवांत खाली बसली. बाई दिवसभर हवेत होत्या.

दुसऱ्या दिवशी निवांत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाईंची दारापर्यंतची फेरी लांबून फाटकापर्यंत गेली. सुसाट तिच्याच गल्लीत राहायचा. त्याला धरला.

"ती मावशीच्या लाँड्रीत असते दिवसभर. आता येणार नाही म्हणाली. गणितच नको म्हणाली."

"का पण?"

"ते तिने सांगायला सुरुवात केली होती. पण बाई, ती सांगून संपवेपर्यंत माझं जेवण निवतं."

त्या संध्याकाळी बाईंनी घरात जमीन उकरायची तेवढी बाकी ठेवली. ताप आला असेल? मावशीने अडवलं असेल? मुलांनी चिडवलं? इतकं कौतुक झाल्यावर पोरगी गणितच नको म्हणते म्हणजे काय! जून तोंडावर आलेला.

कवळीवाला चिमट्याने एक सुळा बसवत होता. मान वर न करता म्हणाला, "मला वाटतं, तू तिचं..."

"फार कौतुक केलं? बुजली असेल?"

"तसं नाही. तू तिचं..."

"नाव चुकीचं घेतलं? छे, मी कशाला..."

त्याने चिमटा खाली ठेवला, बायकोकडे बघितलं आणि म्हणाला, "राहू दे. तूच जाऊन विचार. आणि जमलं तर ऐकून ये."

लाँड्री म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर, मागे वाफ सोडणाऱ्या दोन इस्त्र्या, छतापर्यंत हँगरला लटकलेले कोट आणि भिंतीशी चादरींचे गठ्ठे. काउंटरवर मावशी, इस्त्रीवर निवांत. बाईंना बघून निवांतने इस्त्री उभी केली, पण पुढे आली नाही.

"या बाई, बसा," मावशीने स्टूल सरकवलं. "काय केलं हिने?"

"हिने काही नाही केलं. मी काय केलं ते विचारायला आलेय." बाईंनी स्टुलाची कड धरली. "का गं येत नाहीस?"

निवांतने शर्टाची बाही सरळ केली. उलटी केली. पुन्हा सरळ केली. बाईंच्या जिभेवर चार उत्तरं रांग लावून उभी होती. कवळीवाल्याचं शेवटचं वाक्य मध्ये आडवं आलं म्हणून त्या चौघांना तिथेच थांबावं लागलं.

"त्या टाळ्या," निवांत अखेर म्हणाली, "माझ्या नव्हत्या."

"म्हणजे?"

"तुम्ही हरतो म्हणालात. मला हरतो म्हणायचं नव्हतं. मी जिंकतो म्हणणार होते."

बाईंचा हात स्टुलावरून सुटला.

"सगळ्यांना वाटलं मला आलं. मला ते आलंच नव्हतं. माझं काहीतरी वेगळंच होतं आणि ते तर तुम्ही पुसूनच टाकलंत. मी एवढ्या दिवसांनी धीर करून टकटक केली होती, बाई." तिचा आवाज चिरकला. "तुम्ही जवळ आलात की मला माझं काही ऐकूच येत नाही."

मावशी म्हणाली, "अगं, बाईंशी असं बोलतात?"

"बोलू द्या तिला," बाई म्हणाल्या. त्यांना एकदम रडू आल्यासारखं झालं आणि वर स्वतःचा असा राग आला, की तिथल्या तिथे स्वतःला दोन शब्द सुनावावेत. इतकी वर्षं किती पोरांची वाक्यं अशी पळवली असतील! आणि वर शाब्बास म्हणून त्यांच्याच पाठीवर थापा मारल्या असतील! "चुकलं माझं. साफ चुकलं. तुझं काय होतं ते सांगशील? मी मध्ये बोलणार नाही."

निवांतने त्यांच्याकडे असं बघितलं, की भरवसा नाही हे अगदी स्पष्ट होतं. मावशीने शहाणपणा केला. वाकड्या हँगरांचा एक ढीग बाईंपुढे लोटला आणि म्हणाली, "तोवर हे सरळ करा."

"प्रत्येक सामन्यात एक जण जिंकतो," निवांत म्हणाली. इस्त्री कॉलरवरून फिरली. बाईंनी एक हँगर सरळ केला. "आणि हरलेला बाहेर नाही जात. तो जिंकलेल्याच्या मागे उभा राहतो. त्याच्या मागे जे असतील, ते सगळे त्याच्यासोबत येतात." दुसरी कॉलर. "म्हणजे आधी शंभर रांगा. एकेकट्या माणसाच्या. एक सामना झाला की दोन रांगांची एक होते. शेवटी एकच रांग."

दोन हँगर. नव्व्याण्णव हा शब्द बाईंच्या दातांवर येऊन आपटला. त्यांनी ओठ घट्ट मिटून धरले.

"उत्तर तेच येतं, ते मला माहितीये. पण मग मला वाटलं..." इथे ती इतका वेळ थांबली, की एक गिऱ्हाईक येऊन, चादरी घेऊन, मावशीशी सुट्या पैशांवरून हुज्जत घालून गेलं. बाईंच्या हातातला हँगर सरळ होऊन, पुन्हा वाकडा होऊन, परत सरळ झाला. "...एकाच रांगेतले दोघं परत आपसात खेळले तर? तेव्हा रांग कमी होणार नाही. तो सामना फुकट. असे फुकटचे सामने किती झाले, हे नुसते सामने, रांगा आणि माणसं मोजून कळेल का?"

बाईंच्या अंगावर काटा आला. त्यांच्या पद्धतीत हरलेला घरी गेलेला असतो, त्यामुळे हा प्रश्न उभाच राहत नाही. तो प्रश्न या पोरीने, चादरींच्या ढिगाशेजारी, जन्माला घातला होता. आणि त्याचं उत्तर बाईंना येत होतं. अगदी पाठ होतं. त्यापलीकडे गणिताचा केवढा मोठा प्रदेश आहे, हेही त्यांना माहीत होतं.

"इथे अडलंय माझं," निवांत म्हणाली.

"अहो, सांगून टाका ना बाई," मावशी म्हणाली. "दोन दिवस झोपेतसुद्धा रांगा रांगा करतेय. सुटका करा पोरीची."

"मला येतंय," बाई सावकाश म्हणाल्या. सावकाश बोलताना त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "पण नाही सांगणार. ते हिचं आहे."

निवांतने पहिल्यांदाच नीट वर बघितलं. मग शर्टाची घडी घातली, बटण लावलं, गठ्ठ्यावर ठेवला. दुसरा शर्ट घेतला.

"बाई," ती म्हणाली, "उद्यापासून मी..."

आणि थांबली.

येणार नाही. हेच असणार. बाईंच्या डोक्याने वाक्य केव्हाच पुरं केलं होतं आणि त्यावरची विनवणीही तयार ठेवली होती. असं करू नकोस, गणित सोडू नकोस, वाटल्यास मी वर्गाबाहेर उभी राहते. बाईंनी एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट आवळलं. इस्त्रीतून वाफ सुटली. निवांतने शर्टाचा खिसा दाबून घेतला, पाठीवरून इस्त्री फिरवली, दोन्ही बाह्या घेतल्या, पाण्याचा फवारा मारला. आयुष्यात एवढं लांब वाक्य बाईंनी ऐकलं नव्हतं.

"...जरा उशिरा आले तर चालेल का? सकाळी कपडे पोचवायचे असतात."

"ये," बाई म्हणाल्या.