सरकारी कैफियतीतला नवरा

नको तिथं नाक खुपसायची सवय मला लहानपणापासूनची. आई वैतागून म्हणायची, "हिला वकीलच करा, निदान चौकशा करायचा परवाना तरी मिळेल." तसंच झालं. आधी सांगलीला आणि आता साताऱ्याला, सरकारच्या बाजूने दिवाणी दावे लढवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं.

सरकारवर दावा आला की सरकारने लेखी उत्तर द्यायचं असतं. त्याला कैफियत म्हणतात. तिचा साचा ठरलेला: वादीचे कथन नाकबूल, वादीने पुराव्याने शाबीत करावे. रस्त्याचं भांडण असो की जन्मतारखेचं, सरकार आधी सगळंच नाकारतं. यात दुष्टावा काही नाही. नाकारलं नाही तर कबूल केलं असं धरतात, म्हणून नाकारायचं. मला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की त्या ओळींवर सही करताना मी त्या वाचतही नसे.

माण तालुक्यातल्या एका बाईंचा दावा आला, तोही याच साच्यातून गेला. त्यांचा नवरा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, दुकानात कामाला म्हणून दक्षिणेत गेलेला. दोन-तीन दिवाळ्यांना घरी येऊन गेला, मग फोन लागेना, आणि अकरा वर्षं काहीच पत्ता नाही. सात वर्षं घरच्यांना माणसाची खबर नसेल तर कायदा त्याला मृत धरतो, पण तसं कोर्टाने जाहीर करावं लागतं, आणि त्या दाव्यात प्रतिवादी सरकार असतं. बाईंना ते हवं होतं, कारण जमीन आणि विहीर नवऱ्याच्या नावावर. मोटरीसाठी विजेचं कनेक्शन घ्यायचं तर त्याची सही हवी, नाहीतर तो वारल्याचा कागद. तोवर विहिरीत पाणी दिसत असून त्या दुसऱ्यांच्या रानात मजुरीला जात होत्या.

मी कैफियत दिली: वादीचे पती मयत झाल्याचे नाकबूल.

उलटतपासाच्या दिवशी बाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या आतल्या, डोक्यावर पदर, आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. नवऱ्याला मृत ठरवून घ्यायला आलेली बाई कुंकू लावून कशी आली? एकदा ते डोक्यात शिरलं आणि माझं फायलीत लक्ष लागेना. पोलिसांत तक्रार दिली होती का, दुकानावर चौकशी केली का, कुणाला फोन आला का, असे नेहमीचे प्रश्न मी विचारले. त्यांनी नीट उत्तरं दिली. तिथंच थांबायला हवं होतं. ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही तो प्रश्न उलटतपासात विचारू नये, हे मी स्वतः ज्युनियरांना शिकवते. पण सवय कुठे जाते?

"तुम्ही कुंकू लावता. म्हणजे पती हयात आहेत असं तुम्हालाही वाटतं ना?"

त्यांचे वकील ताडकन उठले. न्यायाधीशांनी त्यांना हातानेच थांबवलं.

"दावा घातला तवा पुसलं हुतं म्या," बाई म्हणाल्या. "सासू लय रडली. मग तुमचा कागद आला. आमच्या वकिलांनी वाचून दावला. सरकार म्हणतंय त्यो मेला न्हाई. तवा परत लावलं."

मी फायलीतली माझीच कैफियत उघडली.

"आवं म्याडम, ठावं हाय म्हणूनच लिवलं आसंल न्हवं? आज आलेय ती त्येच्यासाठीच. कुटं हाय त्यो, तेवढं सांगा."

टायपिंग थांबलं. न्यायाधीश आता माझ्याकडे बघत होते. मला मनापासून लाज वाटली. "आणखी प्रश्न नाहीत," एवढं म्हणून मी खाली बसले.

मधल्या सुट्टीत, त्यांच्या वकिलांना विचारून, मी त्यांना आवारातल्या लिंबाखाली गाठलं. त्या डबा खात होत्या.

"बाई, सरकारला काही माहीत नाही. मलाही नाही. तसं लिहायची पद्धत असते."

"ठावं न्हाई?"

"नाही."

"आन् तरी लिवलं?"

"हो."

त्यांनी अर्ध्या डब्याचं झाकण लावलं. "बरं झालं सांगितलंसा," म्हणाल्या. त्या भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

पुढे निकाल त्यांच्या बाजूने लागला. अपील करावं का, म्हणून वरून अभिप्राय मागवला गेला. करू नये, असं मी लिहिलं, आणि सही करण्याआधी या वेळी ते दोनदा वाचलं.

निकालाची नक्कल घ्यायला त्या आल्या तेव्हा मी योगायोगाने नकलांच्या खिडकीपाशीच उभी होते. कपाळ मोकळं होतं. आम्ही एकमेकींकडे बघून मान हलवली. कारकुनाने त्यांचा अर्ज चाळला.

"दोन नकला कशाला, मावशी? तलाठ्याला एक पुरते."

"एक निकालाची. ती तलाठ्याला."

"आणि दुसरी?"

त्यांनी माझ्याकडे हात केला. "ह्या म्याडमचा कागद हाय न्हवं, त्यो मेला न्हाई म्हणून लिवलेला? त्येची द्या. ती घरात ऱ्हाऊ दे."