पुण्याला नेलेला चिमटा

दोन हजार चोवीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा. दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते, आणि मी रिसोडहून पुण्याला सायकलींचं प्रदर्शन पाहायला गेलो.

तेव्हापासून आमच्या धंद्यातला जो भेटतो तो एकच विचारतो, एवढा खर्च करून गेलात, परवडलं का? मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही. पण तोंडी सांगताना मी दर वेळी निम्मंच सांगतो. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

पहिल्यांदा बायकोनंच विचारलं होतं. अकोल्याच्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्यानं मला प्रदर्शनाचा पास पाठवला, जुना मिस्त्री म्हणून.

"पास फुकट हाय. पुनं फुकट हाय का?" ती म्हणाली. "ट्रॅव्हल्सचं तिकीट, लॉज, खानं-पिनं. अन् पाहून काय करसान? दुकानात सायकली येतात किती आता?"

"येतात."

"पंक्चरच्या. त्याबी मोटरसायकली."

"धंद्यात नवीन काय आलं ते पाहा लागते."

"एकाहत्तराव्या वर्षी?"

"पाहा लागते म्हनलं ना."

एकदा जातो म्हटलं की मी जातो. तिला ते पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे. तिनं भाकरी बांधल्या, लाल ठेचा बांधला आणि पिशवी उचलायला गेली, तर पिशवी हाताला जड लागली.

"हे काय लोखंड भरलं?"

"नमुना हाय. दाखवाले."

तिनं पिशवी खाली ठेवली. दुकानाच्या मागच्या भिंतीला, ट्यूबांच्या खोक्यामागं, फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी मी तीस-बत्तीस वर्षं ठेवलंय आणि दिवाळीच्या साफसफाईतसुद्धा कुणाला हात लावू देत नाही, एवढं तिला माहीत होतं. पण त्यात काय आहे ते तिनं कधी विचारलं नव्हतं.

त्यात एक मोडलेला चिमटा होता. सायकलीचं पुढचं चाक ज्या दोन पायांत बसतं, तो. चिमट्याच्या डोक्यातून एक नळी वर जाते आणि तिच्यात हँडल बसतं. हा त्या नळीच्या सांध्यातच मोडलेला. तो सांधा मी झाळलेला, म्हणजे पितळ वितळवून जोडलेला होता.

चिमटा रिठदच्या एका गवंड्याचा. तो रोज रिठदहून सायकलीनं रिसोडला कामाला यायचा. मागं कॅरियरला थापी, रंधा, ओळंबा बांधलेली पिशवी. सायकलीवरून उतरायचा नाही. माझ्या दुकानाच्या ओट्याला एक पाय टेकवून तसाच बोलत उभा राहायचा. तो ओटाही त्यानंच बांधलेला. त्यांच्या वस्तीत दारूचा गुत्ता होता. तो त्यानं बायाबापड्या गोळा करून बंद पाडला होता. जयंतीच्या दिवशी उभा राहून दारूवर बोलायचा. लोक मागून हसायचे, पण समोर हसायची कुणाची छाती नव्हती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्यात हत्यारांची पूजा होते. पाने, हातोडी, कानस, पंप, सगळं धुऊन पाटावर मांडायचं, कुंकू लावायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. एकदा मांडलं की दसरा होईपर्यंत हत्यार उचलायचं नाही. माझ्या उस्तादाकडून मला हे आलं आणि मी ते कधी मोडलं नाही. बत्तीस वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला सकाळी मी गवंड्याचा तडकलेला चिमटा झाळला होता. पितळाची झाळ मारताना सुहागा, म्हणजे टाकणखार, टाकतात. काम थंड झालं की सुहाग्याची काचेसारखी खपली सांध्यावर चढते. ती कानशीनं घासून काढली, की मगच कळतं पितळ सगळीकडून आत उतरलं की नाही. सायकल दसऱ्यानंतर न्यायचं ठरलं होतं. म्हटलं, पूजा उठली की घासू.

दुपारी पूजा झाली आणि तो आला. ओट्याला पाय टेकवायला सायकल नव्हती, म्हणून नुसताच उभा राहिला.

"मिस्त्री, सायकल दे. उद्या आमचा बी सण हाय, दीक्षेचा. वाशीमले कार्यक्रमाले जा लागते."

"झाळ घासाची हाय अजून. दसरा होऊ दे."

"घास ना मंग. कानस तं समोरच हाय."

"पूजेत हाय."

"देव काय चावते का रे तुहा? माही थापी पाह्य, आज बी भिंतीवर, उद्या बी भिंतीवर. लोखंडच हाय ते."

"तुह्या लोखंडाचं तू पाह्य. माहं मी उचलनार नाही."

तो हसला. म्हणाला, "मंग मी काय चालत जाऊ वाशीमले?"

त्याला पायी पाठवणं मला बरं वाटेना. आणि पूजेतली कानस उचलणं तर त्याच्यासमोर मुळीच शक्य नव्हतं. त्यानं हसून म्हटलं नसतं तर उचलली असती का, हा विचार मी नंतर फार केला. तेव्हा मी काय केलं? रंगाचा कुंचला घेतला. कुंचला काही हत्यारात धरत नाही, पूजेत मांडत नाही. त्या खपलीवरूनच मी काळा रंग मारला, चिमटा बसवला, चाक चढवलं आणि सायकल दिली. सांधा दिसायला नव्यासारखा दिसत होता.

अकरा दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, दिवस मावळायच्या आत तो घरी परतताना उतारावर तोंडघशी पडला. डोक्याला लागलं. वाशीमला नेईपर्यंत गेला. ना गाडीची धडक, ना आडवं जनावर. सरळ रस्त्यावर माणूस पडतो कसा? दोन दिवसांत उत्तर तयार झालं. प्यायला असेल. बाजारचा दिवस होता. दुसऱ्याला सोडायला सांगायचा आणि स्वतः घ्यायचा. ज्यांचा गुत्ता बंद पडला होता त्यांनी आधी म्हटलं, मग सगळ्यांनी म्हटलं.

माझ्या दुकानातही म्हटलं. मी चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढत होतो. एकजण म्हणाला, "काय मिस्त्री, तुह्या गवंड्यानं घेतलीच होती ना शेवटी?" मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. चाक फिरवत राहिलो.

त्याचा भाऊ सायकल घेऊन आला. पुढचं चाक वेगळं, चिमटा दोन तुकडे. "पडल्यावर मोडला असन," भाऊ म्हणाला. मी नवा चिमटा बसवून दिला, पैसे घेतले नाहीत. लोकांना वाटलं मिस्त्रीचं मन मोठं आहे. मोडलेला चिमटा ठेवून घेतला. त्याच्या मोडलेल्या तोंडाला ग्रीस थापलं, गंज लागू नये म्हणून, असं मी मलाच सांगितलं. फडक्यात गुंडाळला. पुसून पाहिला असता तर माझ्या डोळ्यांना दिसलंच असतं. पाहिला नाही.

गवंडी दुकानात यायचा थांबला, असं मी म्हणू शकत नाही. कुणी ओट्याला पाय टेकवला की मान वर करण्याआधीच माझे हात फडकं शोधतात. चार वाजताच्या उन्हात गिऱ्हाईक नसताना दारात सावली पडते, मी "बस" म्हणतो, आणि कुणी नसतं. बायको म्हणते मी एकटाच बोलतो. मी तिला म्हणतो, तुझ्या कानात दोष आहे. गावातल्या कुणाला चिमटा दाखवायचा म्हणजे, हे कुणी झाळलं, हा प्रश्न येणार. पुण्यात मला कोण ओळखतं? एवढ्यासाठी गेलो. नवीन काय आलं ते पाहायला गेलो, हे खोटं.

प्रदर्शनाचा मांडव म्हणजे आमच्या बाजार समितीच्या तीन शेडांएवढा. छतापासून टांगलेल्या सायकली. काही एका बोटावर उचलाव्यात इतक्या हलक्या, काही बॅटरीच्या. हजारभर सायकली, आणि एकीचीही घंटी वाजत नव्हती. मी दोन तास हिंडलो. पाय दुखायला लागले. मग पुढं गर्दीत एक पाठ दिसली. मळकट पांढरा सदरा, मानेवर सिमेंटचे शिंतोडे. मी मागं मागं गेलो. पिशवी मांडीवर आपटत होती. तो एका कोपऱ्यात थांबला, वळला. भलताच माणूस. मांडव उभारणारा मजूर असावा. पण तो जिथं थांबला तिथं एक यंत्र चालू होतं.

त्या यंत्रात एक चिमटा उलटा जखडलेला, आणि एक दांडा त्याला पुढं ढकलायचा, मागं ओढायचा. ठक. ठक. ठक. पुढं, मागं. शेजारी पन्नाशीच्या बाई उभ्या होत्या, इंजिनियर.

"काका, बसा ना. आवडलं का यंत्र?"

"हे काय करते?"

"चिमटा मोडेपर्यंत हलवतं. इथं मोडला म्हणजे रस्त्यावर मोडत नाही."

"आमच्याकडं हे काम गिऱ्हाईक करते," मी म्हणालो. त्यांना गंमत वाटली, त्या हसल्या. मला हसता आलं नाही.

मी फडकं सोडलं. त्यांनी चिमटा हातात घेतला, वास घेतला, म्हणाल्या, "केवढं ग्रीस! कितीतरी वर्षांचं आहे." चिंधीवर रॉकेलसारखं काहीतरी ओतून त्या पुसायला लागल्या. यंत्राची ठकठक चालूच होती. मी दुसरीकडे पाहत होतो.

"कुणी झाळलं होतं हे?"

"होता एक मिस्त्री. आमच्या भागातला."

"हात चांगला होता. ही बाजू बघा, पितळ कसं एकसारखं उतरलंय." मग त्यांनी भिंग लावलं, चिमटा फिरवला. "पण या बाजूला पोचलंच नाही. इथं नुसती काळी खपली आहे, आत पितळ नाही. अर्धा सांधा कोराच. पडल्यावर मोडला असं नाही हे. आधी मोडला, मग माणूस पडला. पडला का कोणी?"

"हो."

"घासून बघितलं असतं तर लगेच दिसलं असतं. एवढा चांगला मिस्त्री, न घासता रंग कसा मारेल?"

"मीच तो," मी म्हणालो.

त्यांनी चिमटा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "काका, रस्ते खराब, ओझं असेल. अर्ध्या झाळीवरही किती दिवस चालली ना सायकल?"

"अकरा. बाई, ते नका सांगू."

त्यांनी चहा मागवला. मी प्यालो. चांगल्या बाई. यंत्र त्यांनी मध्येच बंद केलं होतं, माझ्यासाठी केलं की वेळ झाली म्हणून, कोण जाणे.

आता परवडलं का, त्याचं उत्तर. सायकलीच्या धंद्यासाठी विचाराल तर माझ्यासारख्या छोट्या मिस्त्रीला नाही परवडत. तिथं जे आहे ते आपल्या रस्त्यावर येत नाही, आणि येईल तेव्हा व्यापारी दारात आणून देईल. माझ्यापुरतं विचाराल तर एवढं पुसायला पुण्याला जायची गरज नव्हती. एक चिंधी आणि घोटभर रॉकेल, दुकानातच होतं. बत्तीस वर्षं होतं. पण माझ्या हातून पुसलं गेलं नसतं, हेही तितकंच खरं. म्हणून मी खर्च गेला असं म्हणत नाही. उशिरा झाला, असं म्हणतो.

दुपारी रिसोडला उतरलो. बायकोनं विचारलं, "पाह्यलं काय नवीन?"

"जुनंच पाह्यलं," मी म्हणालो, आणि तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "त्याचं लेकरू शाळेतून रडत ये. दारुड्याचा पोरगा म्हनत त्याले. तुमाले मालूम होतं ना?"

मालूम होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या जीपनं रिठदला गेलो. गवंड्याची बायको अंगणात तूर निवडत होती. म्हातारी झालीय, पण ओळखलं तिनं. "या मिस्त्री, बसा," म्हणाली. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. खपली, रंग, पूजेतली कानस, सगळं. म्हटलं, "वहिनी, त्यानं त्या दिवशी थेंब घेतला नव्हता. माहा सांधा कच्चा होता."

तिचे हात थांबले. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मले बी वाटलं होतं," ती म्हणाली, "घेतली असन त्या दिवशी. लोकं म्हनत होते, मी बी मानलं. बत्तीस वर्षं मी त्याच्यावर राग धरून राह्यली." मग सूप बाजूला ठेवून ती उठली. "मले सांगून काय होते मिस्त्री? मी एकटी थोडीच म्हनत होती? चौकात सांगा."

ती पुढं चालली, मी मागं. चौकात पारावर म्हातारे बसले होते, त्यांतले दोघे तर मी ओळखतच होतो. हॉटेलवाल्याचा चहा उकळत होता. कुणीतरी म्हटलं, "काय मिस्त्री, इकडं कसे?" मी चपला काढल्या, पारावर चढलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.