खिशातले खडे

आमच्या सोसायटीतले हे गृहस्थ रविवारी कात्रजच्या डोंगरात आम्हाला नकाशावरून वाट शोधायला शिकवतात म्हणे! अंतर ते पावलांनी मोजतात. दर शंभर पावलांना डाव्या खिशातला एक खडा उजव्या खिशात. पाऊल मापलेलं तरुणपणी, सपाट मैदानावर. चढावर ते आखूड पडतं, हे त्यांना सांगायची सोय नाही.

परवा माझी बायको मुरमावरून घसरली आणि किंचाळली. ह्यांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. नुसता हात वर केला, मोजणं चालू! लंगडणाऱ्या बायकोला मी धरून वर आणलं, तर हे थांबलेले आणि जिथे पोचायचं ते निशाण अजून बरंच वर.

"अहो, अंतर चुकलं तुमचं!"

"चुकणारच," ते म्हणाले. "वहिनी मध्येच ओरडल्या ना."