दादाने भंगारात दिलेला गिअरबॉक्स

मैत्रिणींनो, अजून अंगाची लाहीलाही होतेय.

कुठल्याशा जुन्या लढाईनंतर मोडीत निघालेला लष्करी ट्रक मी आणि बाबा मोर्शीत आमच्या अंगणात दोन वर्षांपासून जोडतोय. त्याचा गिअरबॉक्स अकोल्याच्या भंगारातून हुडकून आणला होता.

आज मला पाहायला पाहुणे येणार, म्हणून मोठ्या दादाने तो सकाळीच भंगारवाल्याला देऊन टाकला.

"मले न विचारता काहून देला?"

"पोरीच्या हाताले ग्रीस पाहून पाहुणे काय म्हनतीन?"

मी भंगारवाल्याकडे धावत गेले, तोवर गिअरबॉक्सचे घणाने तुकडे झाले होते. हाती लागले ते पदरात घेऊन तशीच पाहुण्यांसमोर बसले.

"हे माझं काम आहे," म्हटलं.

पाहुणे चहा न घेता उठले. आता दादा म्हणतो, माफी माग.

तुम्ही मागितली असती?