शिवरात्रीआधीचं पाणी

बायको जाताना मला एकच काम सांगून गेली, आणि तेही न करण्याचं. मोगऱ्याला पाणी घालायचं नाही.

दिवाळी झाली आणि तिच्या छातीतली गाठ कळली. ऑपरेशन झालं, मग केमो सुरू झाले. लेक कल्याणला राहते, दवाखाना तिथून जवळ, म्हणून बायको तिकडे गेली आणि मी पळसदरीला घर सांभाळायला राहिलो. घर सांभाळायला हे आपलं म्हणायला. खरं कारण असं, की दवाखान्यात मी रांगेतल्या माणसांशी हुज्जत घालायचो, नर्सवर आवाज चढवायचो. शेवटी लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही घरीच थांबा. आईला आजारापेक्षा तुमचाच त्रास जास्त होतोय." राग आला. पण खोटं कुठं बोलत होती?

साजगावच्या कारखान्यात मी तीस वर्षं मशिनं दुरुस्त केली. मशीन बंद पडलं की उघडायचं, बिघाड शोधायचा, चालू करायचं. नुसतं बसून वाट बघायची, असलं काम मला कधी पडलंच नाही.

पौषात दोन केमोंच्या मधे ती चार दिवस घरी आली. उभं राहवत नव्हतं, तरी पायरीजवळ पाट टाकून बसली आणि मोगऱ्याच्या चारही झुडपांची पानं एकेक करून काढली. शेंडे छाटले. बुडाची माती मला उकरायला लावली आणि मुळं उन्हात उघडी ठेवली. हा ताण ती दरवर्षी देते. झाड तहानलं, की पानांचा नाद सोडून कळ्या धरतं, असं तिचं म्हणणं.

"शिवरात्रीपर्यंत थेंब नाय घालायचा," ती म्हणाली. "मग शेणखत आणि पोटभर पाणी. पाडव्याला कळ्या येतील. पाडव्याला मीपण येते."

तिनं गजऱ्यासाठीच हा मोगरा लावला होता, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. आता डोक्याला रुमाल होता. माझी नजर तिकडे गेलेली तिनं बघितली असावी.

"केस नायत तर नायत. वाटीत घालून उशाशी ठेवीन. वास तर येईल ना?"

ती गेली आणि मी अंगणाच्या मागे लागलो. एरवी फाल्गुनात करायची कामं मी माघ लागायच्या आत उरकायला काढली. शेवगा छाटला. कुंपणाच्या कुजलेल्या काट्या उपटून नव्या रोवल्या. परसात वाल होते, त्यांच्या शेंगा अजून भरायच्या होत्या, तरी रोज सकाळी जाऊन दाबून बघायचो. आंब्याच्या बुंध्याला चुना आणि गेरू लावला, पट्टा वाकडा आला म्हणून धुऊन परत लावला. शेजारी कुंपणावरून म्हणाला, "दादा, लगीन हाय का घरात?" मी म्हटलं, "तुझं काय जातं रं?" बिचारा आत गेला.

अंगण सारवायला डोंगरातल्या वाडीवरची एक बाई दरवर्षी येते. बायकोची आणि तिची जुनी मैत्री. आधी मी अंगण चोपून घट्ट करायचं, मग ती शेणानं सारवणार, अशी वाटणी. या वर्षी मी इतकं चोपलं की ती हसायला लागली. "आरं, भुई फुटंल ना! बस आता." मी बसलो. पाच मिनिटांनी परत उठलो.

संक्रांत झाली आणि लेकीचा फोन आला. आईचे रिपोर्ट आलेत, म्हणाली, डॉक्टर म्हणतात औषध बदलून बघू. बघू! तो शब्द माझ्या डोक्यातून निघेना. बघू म्हणजे काय? कारखान्यात आम्ही कधी 'बघू' म्हणायचो, ते मला माहीत होतं. आता काय करावं ते सुचेनासं झालं, की म्हणायचो.

त्या दिवशी जेवण गेलं नाही. ओटीवर बसलो तर समोर त्या मोगऱ्याच्या काड्या. उघडी मुळं, भेगाळलेली माती, एक हिरवा ठिपका नाही. पाडव्याला अजून दोन महिने होते. दोन महिन्यांनी ती येईल का, हा प्रश्न मी पहिल्यांदा सरळ स्वतःला विचारला. आणि मला भीती वाटली.

मग मी उठलो. झारी भरली. शिवरात्र येईल तेव्हा येईल, आत्ता पाणी घातलं तर फुलं महिनाभर आधी येतील, ती घेऊन मी कल्याणला जाईन, असा माझा हिशेब. नुसतं पाणी घालून थांबलो असतो तर एक वेळ निभावलं असतं. पण भातासाठी आणलेला युरिया पडवीत शिल्लक होता. आमच्याकडे भात पिवळं दिसलं की मूठभर युरिया टाकायचा, आठवड्यात शेत हिरवंगार. हात तिकडे आपोआप गेला. चार झुडपांना चार मुठी. मुळं मातीनं झाकली आणि रोज सकाळ-संध्याकाळ पाणी सुरू केलं.

चार दिवसांनी वाडीवरची बाई आली. तिनं पायरीजवळची ओली माती बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"पानी घातलंस?"

"घातलं. का?"

ती सारवायला बसली, आणि जाताना नेहमीसारखं हसली नाही.

बायकोचा फोन रोज यायचा. आवाज बारीक झाला होता. एकदा तिनं विचारलंच, "मोगऱ्याला पाणी नाय ना घातलंत?"

"नाय गं."

"खरं?"

"अगं, तुझी शपथ," मी म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर स्वतःच्याच तोंडात मारून घेतली. कुणाची शपथ घेतली मी? आणि कधी?

झुडपं मात्र फुटली. काय फुटली म्हणता! लुसलुशीत, तळहाताएवढी पानं. मी खूश. रोज सकाळी चष्मा लावून कळी शोधायचो. शेंडा उचलून बघायचो, पानाखाली बघायचो. शिवरात्र आली, गेली. शेजारच्या अंगणात त्याच जातीचा मोगरा, ताण देऊन वेळेवर पाणी घातलेला. त्याला पांढरे दाणे दिसायला लागले. माझ्या चार झुडपांवर पानंच पानं. होळी झाली तेव्हा मला कळून चुकलं. मी तिची फुलं घालवली होती.

पाडव्याच्या आदल्या दिवशी लेक तिला गाडीतून घेऊन आली. नवीन औषध लागू पडतंय असं वाटतंय, डॉक्टरांनी महिनाभरानं परत बोलावलंय, एवढं लेकीनं दारातच सांगितलं. मी ऐकलं, पण माझं लक्ष बायकोकडे. ती किती हलकी झाली होती! हात धरून उतरवली तर हाताला वजनच लागेना. सारवलेलं अंगण तिनं बघितलं, गेरूचा पट्टा बघितला, आणि पायरीशी येऊन थांबली.

मी काही बोलायच्या आत तिनं एक पान चुरगळलं.

"कधी घातलंत पाणी?"

"संक्रांतीनंतर. युरियापण टाकला. मला वाटलं, लवकर फुलेल. मला वाटलं, तू..."

तिला सगळं कळलं. लेक मागे बॅग घेऊन उभी होती, तीही खाली बघायला लागली.

मला वाटलं, ही आता रडेल. मी रडायच्या बेतातच होतो. ती म्हणाली, "पाट आणा."

पाट आणला. ती बसली आणि पानं तोडायला लागली. केमोनं तिची बोटं बधिर झाली होती, चिमटीत देठ सापडत नव्हता. मी शेजारी उकिडवा बसून तोडायला लागलो.

"माती काढा. मुळं उघडी करा," ती म्हणाली. "परत ताण द्यायचा. आता ऊन कडक हाय, वीस दिवस पुरं. मग पाणी. वैशाखात येतील फुलं."

"वैशाखात?"

"हां, वैशाखात. तोवर मी कुठं जात नाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमाला थांबता येतंय का तेवढं बघा."

मी उठलो, पडवीतून झारी आणली आणि तिच्या हातात दिली. तिनं ती लेकीकडून आतल्या खाटेखाली ठेवून घेतली, आपल्या उशाच्या बाजूला, जिथं फुलांची वाटी ठेवायची होती.